पुरा वाजलेला फोन

परदेशी जायचं म्हणजे विमानात बसायचं, एवढंच मैनाला ठाऊक होतं. त्याआधी माणसाला काय काय उस्तवारी करावी लागते हे तिला मार्चच्या त्या पंधरा दिवसांत कळलं, आणि कळता कळता तिची मती गुंग झाली.

तिची तेजश्री, कापडे गावाच्या वरच्या वाडीतली, पोलादपूरला बारावी करून पुण्याला जपानी भाषा शिकायला गेलेली पोर, आता दहा महिने जपानला निघाली होती. फेलोशिप म्हणायचं त्याला. तिथल्या विद्यापीठात शिकायचं, तिथल्याच एका कुटुंबात राहायचं आणि भाषा पक्की करून यायचं. वाडीला आधी वाटलं, नोकरीच लागली. नोकरी नाय, शिकायला चाललेय, असं मैनानं घरोघरी सांगितलं तेव्हा लोक जास्तच चक्रावले. एवढ्या लांब, शिकायला? आणि राहायला-खायला तेच देणार? शेजारची बनुबाई, जिला सत्तर वर्षांत कशाचंच नवल वाटलं नव्हतं, तिनंसुद्धा तोंडाला पदर लावला.

शिमगा आटोपून मुंबईकर परत गेले आणि दुसऱ्याच दिवशी तेजश्री पुण्याहून आली ती एक यादी घेऊन. यादी एक्केचाळीस ओळींची. पासपोर्टच्या तीन झेरॉक्स, तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. चष्मे दोन, आणि नंबर डॉक्टरच्या सहीनं. छातीचा एक्स-रे. औषधं महिन्याभराचीच, तीही इंग्रजी चिठ्ठीसकट. बर्फातले बूट तिथे घ्यावेत, आत घालायचे गरम कपडे मात्र इथूनच आणावेत. यजमान घरासाठी लहानशी भेट आणावी, महाग नको, महाग भेटीनं त्यांना अवघडल्यासारखं होतं. इथे मैनानं तेजश्रीला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. भेट महाग नको असं आधीच कळवून ठेवणारी माणसं तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडे लग्नाच्या आहेराच्या साडीचा पोत बोटांनी चाचपून बघतात, आणि इथे हे.

एकोणतिसावी ओळ तर कहरच होती. तांदूळ, बी-बियाणं, फळं, माती लागलेली कोणतीही वस्तू आणू नये, पायातल्या वहाणांना शेतातली माती असेल तर धुवून आणावी. मैनानं घरचे नवे तांदूळ पायलीभर निवडून ठेवले होते, ते मुकाट्यानं परत कणगीत ओतले. मग तेजश्रीच्या चपला घेऊन ती पाण्याच्या दगडाशी बसली. ब्रशनं घासल्या, नारळाच्या काथ्यानं घासल्या, शेवटी सुईनं तळाच्या खाचा कोरल्या. कापड्याची चिमूटभर माती नको म्हणणारा तो देश केवढा असेल, कसा असेल, तिथे लोक चालत असतील की तरंगत, याचा विचार करत ती तासभर चपला धूत होती.

आणि पोरीची भाषा. दुपारी पडवीत लॅपटॉप उघडून तेजश्री कुणाशी तरी बोलायची. मैना दाराआड उभी राहून ऐकायची. आवाज तिचाच, लहानपणी पेजेसाठी भोकाड पसरणारा, पण एक अक्षर कळेल तर शपथ. ती बोलताना मध्येच मान लववायची, लाजायची, हसायची. आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून एक आख्खा परका मुलूख बोलतोय असं मैनाला वाटायचं आणि अंगावर काटा यायचा. एकदा तिनं विचारलंच.

"तेजू, तू सपान कोणत्या भाषेत बघतेस गो?"

"कधी कधी त्यांच्या," तेजश्री म्हणाली.

मैना त्या दिवशी भाताला मीठ घालायला विसरली.

या सगळ्यात सदतिसावी ओळ मैनाची स्वतःची होती. तातडीचा संपर्क. म्हणजे पोरीला तिकडे काही झालं तर विद्यापीठ ज्याला फोन करील ते माणूस. वडील किशोर तुर्भ्याला एका गोदामात कामाला. तिथे बारा तास मोबाईल कपाटात जमा करावा लागतो. तेव्हा तेजश्रीनं फॉर्मवर आईचं नाव आणि आईचा नंबर घातला. जपानवाल्यांची शिस्त अशी की नंबर दिला म्हणजे झालं नाही. तो खरा आहे का, ते माणूस खरंच मिळतं का, हे ते आधी स्वतः फोन करून तपासणार होते. मंगळवारी, आपल्या वेळेनं सकाळी साडेदहाला.

मंगळवारी तेजश्रीला एक्स-रेसाठी महाडला जायचं होतं. सकाळच्या एसटीला पळता पळता तिनं बजावलं, "साडेदहाला जपानहून फोन येईल. मोबाईल घेऊन बांधावर बस. फोन लागतो की नाही हे त्यांना बघायचंय."

आता वरच्या वाडीत फोन ही काय चीज आहे, ते सांगायला हवं. वाडीत घरात रेंज नाही. गोठ्यामागच्या बांधावर आहे, तीही आली तर आली. बोलायला लागलं की आवाज तुटतो, अर्धा शब्द इकडे आणि अर्धा दरीत. म्हणून वाडीनं वर्षानुवर्षांची स्वतःची रीत बसवून घेतली होती. मुंबईला गेलेला माणूस पोहोचला की फोन लावतो आणि रिंग पुरी वाजू देतो. इकडे कुणी उचलत नाही. पुरा वाजला म्हणजे सुखरूप आहे. मध्येच तोडून पुन्हा वाजला, पुन्हा तोडला, तर काहीतरी बिनसलंय, मग कुणीतरी कापड्यापर्यंत उतरून उलटा फोन करायचा. शिमग्यानंतर मुंबईकर परतले त्या संध्याकाळी बांधावर सात बायका सात मोबाईल घेऊन उभ्या होत्या, आणि एकेक फोन पुरा वाजून गप्प झाला तसतशी एकेक जण घरी गेली. उचलणं म्हणजे अपशकुनच. पोरंसोरंसुद्धा हात लावत नसत.

त्या मंगळवारी मैना दहालाच बांधावर जाऊन बसली. डोकीवर नव्या साडीचा पदर सारखा केला होता, फोनमधून दिसत नाही हे ठाऊक असूनही. साडेदहाला एक मिनिट कमी असताना मोबाईल थरथरला. पडद्यावर अधिकचं चिन्ह, पुढे आठ, एक आणि मग आकड्यांची माळच. एवढा लांब नंबर तिनं कधी पाहिला नव्हता. समुद्र ओलांडून, केवढे डोंगर ओलांडून, तो आवाज नेमका तिच्या गोठ्यामागे येऊन वाजत होता! बैलानं कान टवकारले. मैनाचे डोळे भरून आले. तिनं मोबाईल बांधावरच्या सपाट दगडावर ठेवला, हात जोडले आणि रिंग मोजत राहिली. मध्ये तुटली नाही. पुरी वाजली. मग शांत झाली.

"लागला गो!" तिनं बनुबाईला हाक मारून सांगितलं. "जपानचा फोन लागला. पुरा वाजला!"

बनुबाईनं देव्हाऱ्यातला गुळाचा खडा आणून तिच्या तोंडात घातला.

तेजश्री चारला परतली, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मैनानं उंबऱ्यावरच सगळं सांगितलं, हात जोडल्याचंसुद्धा. सांगताना पोरीच्या चेहऱ्याचा रंग उडत गेला तो तिला दिसला, पण कारण कळेना.

"तू उचलला नाहीस?"

"उचलायचा कशाला? पुरा वाजला ना."

तेजश्री तशीच बांधावर पळाली आणि मोबाईलवर मेल उघडून उभी राहिली. मैना मागोमाग गेली. मेल आला होता. फोन वाजला, उत्तर मिळालं नाही. गुरुवारी त्याच वेळी शेवटचा प्रयत्न करू. संपर्क न झाल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला देण्यात येईल.

"फोन उचलायचा असतो आई! जगात सगळीकडे माणसं फोन उचलतात!" तेजश्री ओरडली. मग स्वतःच्याच आवाजानं दचकली आणि बांधावर मटकन बसली. "माझंच चुकलं. मला सांगायला पाहिजे होतं. मी इथलीच ना."

चार वर्षं पोर पुण्यात शिकली, परीक्षेवर परीक्षा दिल्या, जपानीच्या तीन-तीन लिप्या गिरवून बोटाला घट्टे पाडून घेतले, आणि ते सगळं आपल्या एका अंगठ्यावर येऊन अडलं. मैनाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी तिनं चुलीकडेच तोंड करून ठेवलं.

बुधवारी दोघींनी तालीम केली. तेजश्री आपल्या फोनवरून फोन लावी, मैना हिरव्या बटणावर बोट ओढी आणि म्हणे, "हॅलो, मी मैना किशोर बोलतेय." पहिल्या तीन खेपांना लाल बटण ओढलं गेलं. पाचव्या खेपेला जमलं. दहाव्या खेपेला बनुबाईनंही शेजारून "हॅलो" म्हटलं.

"काय इचारतील?" मैनानं विचारलं.

"नाव, माझं-तुझं नातं, पत्ता. बस."

"एवढंच इचारायला जपानवरनं फोन करतात?"

"हो," तेजश्री म्हणाली आणि एक्स-रेचं पाकीट उगाचच या हातातून त्या हातात घेत राहिली. "पण मी जवळ थांबायचं नाही, असा नियम आहे. तू एकटीनं बोलायचं."

"आनि त्यांची भाषा?"

"मराठी येणारं कुणीतरी बोलेल म्हणालेत."

जपानात मराठी येणारं कुणीतरी! मैनानं तो घास गिळला, पण तो काही केल्या खाली उतरेना.

बांधाच्या रेंजवर आता कुणाचाच भरवसा नव्हता. गुरुवारी दोघी कापड्याला उतरल्या, हैबतीच्या भात गिरणीवर. तिथे रेंज खणखणीत. शिवाय सामानाची बॅग तेवीस किलोच्या वर जाऊन चालणार नव्हतं, तीही गिरणीच्या काट्यावर टाकायची होती. हैबतीला कारण सांगितल्यावर त्यानं दहालाच गिरणी बंद केली. पोती घेऊन आलेल्या सात-आठ जणांना त्यानं बाहेर काढलं.

"अरे, भात भरडायचाय!" एकजण कुरकुरला.

"थांब रे. जपानचा फोन येतोय," हैबती अशा आवाजात म्हणाला की जसा काही तो त्यालाच येणार होता. मग कुणी कुरकुरलं नाही. सगळे बाहेर ओट्यावर ओळीनं बसले आणि तेजश्री रस्त्यापलीकडे जाऊन आंब्याखाली उभी राहिली.

मैना आत गेली. हैबतीनं दार ओढून घेतलं. गिरणी बंद असली तरी हवेत कोंडा तरंगत होता, आणि कौलाच्या काचेतून उन्हाचा पट्टा आला होता. मैना पोत्यावर बसली. साडेदहा वाजले आणि फोन वाजला.

पहिली रिंग. दुसरी. तिचा हात उठेचना. इतक्या वर्षांची सवय, हात मांडीवर जोडलेलेच राहिले. तिसरी रिंग, चौथी. बाहेरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "उचल गो माये!" आणि मैनानं डोळे मिटून बोट ओढलं.

"हॅलो. मी मैना किशोर बोलतेय."

"नमस्कार," पलीकडून एका बाईचा आवाज आला. "माझं नाव मोरिता. मी आपल्याशी मराठीतून बोलले तर चालेल का?"

मैनाला क्षणभर वाटलं, महाडच्या शाळेतल्या कुणी बाईच बोलतायत. एकेक शब्द धुवून पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. तिनं मान हलवली, मग आठवलं की फोनवर मान दिसत नाही.

"चालंल की! तुमी जपानच्याच ना बाई?"

"हो. मी दोन वर्षं पुण्यात शिकत होते." बाई हसल्या. मग त्यांनी नाव विचारलं, नातं विचारलं, गाव, तालुका, जिल्हा. मैनानं न अडखळता सांगितलं. पाठ केलेलं सगळं संपलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

"मंगळवारी मी फोन केला होता. तो वाजला, पण आपण घेतला नाही. काही अडचण होती का?"

मैनानं खोटं बोलायचं ठरवलं होतं. गाय सुटली होती, असं सांगणार होती. पण त्या स्वच्छ आवाजापुढे तिची जीभ वळेना. तिनं वाडीची सगळी रीत सांगून टाकली, पुऱ्या रिंगची आणि तुटलेल्या रिंगची. पलीकडे लिहिण्याचा आवाज येत होता.

"समजलं," मोरिताबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. "आमच्याकडे उलट आहे, ताई. तेजश्री बरी असेल तेव्हा ती स्वतः तुमच्याशी बोलेल. या नंबरवरून आम्ही बरं असताना फोन करत नाही."

मैनाला कळलं. कोंड्याचे कण उन्हाच्या पट्ट्यात तसेच फिरत होते. या यादीतले कपडे, चष्मे, चपला सगळं पोरीच्या जाण्याचं होतं. ही एकच ओळ दुसऱ्या कशाची तरी होती.

"आता शेवटचा प्रश्न. तो सगळ्यांनाच विचारावा लागतो," मोरिताबाईंचा आवाज खाली आला. "तेजश्री बेशुद्ध असेल, आणि डॉक्टरांना ताबडतोब ऑपरेशन करायचं असेल, तर निर्णय आपण फोनवर द्याल का? थांबायला वेळ नसेल. आपल्याला इथे पोहोचताही येणार नाही."

मैनानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"हा प्रश्न तेजश्रीला माहीत आहे. तिनं त्या पानावर सही केली आहे. निर्णय कोण घेईल, आणि त्याच व्यक्तीला का निवडलं, हेही तिनं लिहिलंय. जपानीत लिहिलंय. मी वाचून दाखवू का?"

"वाचा."

"ती लिहिते, माझी आई चौथीपर्यंत शिकली आहे. आमच्या वाडीत डॉक्टर नाही. कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, कुणी झाडावरून पडलं, की लोक आधी माझ्या आईला हाक मारतात. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला डोली कधी उचलायची आणि कधी थांबायचं, हे ती ठरवते. ती घाबरते, पण घाबरल्याचं नंतर सांगते. माझ्या बाबतीत ती जे ठरवेल ते मला मान्य आहे."

मैनानं पदराचा बोळा तोंडाला लावला. आपण कोण, कुठल्या, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या. आणि आपलं नाव-गाव, आपली डोली, समुद्रापलीकडच्या कागदावर त्या अक्षरांत जाऊन बसलंय, आणि तिथली शिकलेली बाई ते आपल्याला आपल्याच भाषेत वाचून दाखवतेय. पोरीनं एवढं सगळं कधी बघितलं? आणि बघून स्वतःचा जीव आपल्या हातात ठेवला, एका शब्दानं न सांगता! भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी मैनाच्या छातीत मावेनासं झालं होतं.

"ताई, आहात ना?"

"हाय."

"आपलं उत्तर?"

"तवा फोन तुमीच कराल ना बाई? मराठीत?"

"मीच करीन. रात्र असली तरी."

"मग लिवा, हो," मैना म्हणाली. आवाज कापला नाही. "मी उचलीन. वाडीत फोन नाय लागला तर हैबतीच्या गिरणीचा नंबर लिवा, तो धावत वर येल. मी सांगंन काय करायचं ते. पन तुमी सगळं खरं सांगायचं. लपवायचं नाय."

"लपवणार नाही," मोरिताबाई म्हणाल्या. "तेजश्रीची जागा पक्की झाली, ताई. नमस्कार."

फोन बंद झाला तरी मैना बराच वेळ तो कानाला लावून बसली होती. मग तिनं तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि दार उघडलं. ओट्यावरचे सगळे उठून उभे राहिले.

"झालं!" ती म्हणाली. हैबतीनं टाळी वाजवली, कुणीतरी रस्त्यापलीकडे हात केला आणि तेजश्री धावत आली. मैनानं तिला बाजूला, गिरणीच्या मागच्या अंगाला नेलं.

"पक्की झाली जागा. बाईंनी सांगितलं."

तेजश्रीला हसू फुटलं, पण डोळे आईच्या चेहऱ्यावरून हलेनात. "काय काय विचारलं?"

"नाव इचारलं. गाव इचारलं. तालुका, जिल्हा."

"आणि?"

"आनि काय? तू कशी हायस, भात खातेस का पोळी, असलं."

"आणि शेवटी?"

"शेवटी नमस्कार केला," मैना म्हणाली.

तेजश्रीला बोलायचं होतं, पण बोलली असती तर दोघींनाही ते सांभाळून ठेवता आलं नसतं. ती पुढे झाली आणि आईच्या खांद्यावर कपाळ टेकून रडायला लागली. मैनानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडतेस कशाला वेडे," ती म्हणाली, "नाव-गावच तर इचारलं."